शर्यत, चुरस आणि औषधाची बाटली

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत सायकल शर्यतींचा इतिहास कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. पण शर्यतीची पहिली गोष्ट आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली ती गणपतीचीच. पृथ्वीप्रदक्षिणा आधी कोण करतो, अशी पैज लागली. कार्तिकेय मोरावर बसून निघून गेला. गणराय उंदरावर. त्यांनी आईवडिलांना बसवले, त्यांच्याभोवती फेरी मारली आणि शर्यत जिंकली. लहानपणी आमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी विचारले आहे, "पण मग कार्तिकेयावर अन्याय नाही का झाला?" या प्रश्नाचे उत्तर लेखाच्या शेवटी आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे देणार आहोत. मधला रस्ता थोडा लांबचा आहे. तो न्यूयॉर्क आणि पॅरिसवरून जातो आणि नागपूरमार्गे परत बेल्याला येतो.

आपल्या भागाला चुरस नवी नाही. पैनगंगेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, शंकरपट म्हटले की माणसे कापसाचे काम टाकून धावत. सायकलचीही एक जुनी गंमत पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. गावात एखादा सायकलवाला यायचा. चौकात खांब रोवून, दिव्यांची माळ आणि कर्णा लावून तो सायकलवर बसायचा तो सात-सात दिवस खाली उतरायचा नाही. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर. रात्री गर्दी जमायची, गाणी लागायची आणि लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टाचायचे. सहाव्या-सातव्या दिवशी त्याचे डोळे तांबारलेले, पाय सुजलेले. तरी चाक फिरत राहायचे, कारण चाक थांबले की पैसे थांबले. आम्ही मुले टाळ्या वाजवायचो. तो जागा कसा राहतो, हे आम्ही कधी विचारले नाही.

व्यावसायिक सायकलिंगच्या सुरुवातीच्या इतिहासातही नेमका असाच खेळ भेटतो, हे वाचून आम्हालाही नवल वाटले. 1890 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांच्या शर्यती होत. रविवारी खेळ चालत नसे, म्हणून सहा दिवस. एकटा सायकलपटू लाकडी गोल मार्गावर शक्य तितके फेरे मारायचा. झोपला की मागे पडला. 1897 साली चार्ल्स मिलर याने सहा दिवसांत सुमारे 3,360 किलोमीटर अंतर कापले. माणसे झोपेअभावी भ्रमिष्ट व्हायची, नसलेली माणसे त्यांना दिसायची, आणि तेच पाहायला लोक तिकीट काढून यायचे. जागे ठेवण्यासाठी सोबतची मंडळी त्यांना कॉफीपासून कोकेनपर्यंत आणि कुचल्यापासून काढलेल्या स्ट्रिक्नीनपर्यंत काय वाटेल ते देत. कुचला हे विष आहे हे आपल्याकडच्या वैद्यांना ठाऊक आहे. अगदी थोड्या मात्रेत ते स्नायूंना झटका देते, जास्त झाले की जीव घेते. शेवटी तिथल्या सरकारला कायदा करावा लागला की एका माणसाने दिवसातून बारा तासांपेक्षा अधिक सायकल चालवू नये. मग दोघादोघांची जोडी उतरू लागली. आजही जोडीच्या त्या शर्यतीला मॅडिसन असेच नाव आहे.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या काळी उत्तेजक घेणे हा गुन्हा नव्हता आणि कुणी ते फारसे लपवतही नव्हते. स्पर्धा माणसाच्या ताकदीबाहेरची आखायची, आणि मग ती पुरी करायला त्याच्या हातात बाटली द्यायची, अशी ती रीत होती. दोष फक्त बाटलीचा नव्हता.

जगातली सर्वांत मोठी सायकल शर्यत, टूर द फ्रान्स, जन्मली तीही एका भांडणातून. पॅरिसमध्ये दोन क्रीडा दैनिके होती. 'ल व्हेलो' हिरव्या कागदावर निघे, 'लोतो' पिवळ्या. 'लोतो'चा खप वाढत नव्हता. तेव्हा संपादक आंरी देग्रांज यांनी 1903 साली संपूर्ण फ्रान्सला वळसा घालणारी शर्यत जाहीर केली. सहा टप्पे, 2,428 किलोमीटर. साठ जण निघाले, एकवीस पोहोचले. मोरीस गारँ जिंकला आणि दैनिकाचा खप भराभर वाढला. पुढच्याच वर्षी 'ल व्हेलो' बंद पडले. पुढे 1919 पासून आघाडीच्या स्वाराला पिवळी जर्सी देऊ लागले, ती त्याच पिवळ्या कागदाची आठवण. लोकमान्यांनी 'केसरी'तून सार्वजनिक गणेशोत्सवाचा पुरस्कार केला तो याच्या दहा वर्षे आधी, 1893 च्या सुमारास. संपादकाने मनावर घेतले तर घरातली गोष्ट रस्त्यावर येते आणि लोकांची होते, याची ही दोन उदाहरणे. हेतू मात्र वेगळे. एकाला माणसे एकत्र आणायची होती, दुसऱ्याला अंक विकायचे होते.

अंक विकायचे तर चुरस हवी, आणि चुरस वाढली की लबाडी आलीच. 1904 च्या दुसऱ्याच शर्यतीत काही जण अंधारात चक्क आगगाडीत बसल्याचा आरोप झाला. आवडत्या स्वाराच्या प्रतिस्पर्ध्याला अडवायला गावकरी काठ्या घेऊन रस्त्यावर उभे राहिले, रस्त्यात खिळे पसरले गेले. काही महिन्यांनी चौकशी होऊन पहिले चारही जण बाद ठरले, गारँसुद्धा. पाचवा आलेला आंरी कोर्ने विजेता झाला. त्याचे वय तेव्हा विशीच्याही आत होते.

पुढे 1924 साली पेलिसिए बंधूंनी नियमांच्या जाचाला वैतागून शर्यत अर्ध्यावर सोडली. आल्बेर लोंद्र नावाचा पत्रकार त्यांना एका स्टेशनजवळच्या उपाहारगृहात भेटला. त्यांनी आपल्या पिशव्या त्याच्यापुढे रिकाम्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, मलम आणि गोळ्यांचे डबे. आम्ही यावर चालतो, असे त्यांचे म्हणणे. लोंद्रने हे सारे छापले. फ्रान्स हळहळला, पण पुढच्या वर्षीही शर्यत झाली, रस्ते तेवढेच लांब होते आणि गर्दी तेवढीच होती.

चुरशीच्या गोष्टींत सर्वांत गाजली ती इटलीच्या जीनो बार्ताली आणि फाउस्तो कॉप्पी यांची. बार्ताली धार्मिक वृत्तीचा, जुन्या वळणाचा. कॉप्पी पाच वर्षांनी लहान, आहार आणि सराव शास्त्राप्रमाणे ठरवणारा. सारी इटली दोन तटांत वाटली गेली होती. कॉप्पी रस्त्याकडेला टाकतो त्या बाटल्या बार्ताली उचलून ठेवायचा आणि यात काय असते म्हणून तपासून घ्यायचा, असे तोच पुढे सांगे. कॉप्पीने स्वतः नंतर एका मुलाखतीत कबूल केले की लागेल तेव्हा आपण उत्तेजक घेतो, आणि ते बहुतेक नेहमीच लागते. तरीही याच दोघांचा 1952 चा एक फोटो जगभर पोहोचला. चढावर एक जण दुसऱ्याला पाण्याची बाटली देतो आहे. कुणी कुणाला दिली, यावर इटलीत अजून वाद होतो. आम्हाला त्या वादापेक्षा ती बाटली महत्त्वाची वाटते. एकीकडे तपासण्यासाठी उचललेली बाटली, दुसरीकडे तहानलेल्याला दिलेली. चुरशीची ही दोन रूपे एकाच जोडीत होती.

बार्तालीबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात सरावाच्या निमित्ताने तो फ्लॉरेन्स ते असिसी सायकल मारायचा आणि सायकलच्या नळीत ज्यू कुटुंबांसाठी बनवलेली खोटी ओळखपत्रे लपवून न्यायचा. पकडला गेला असता तर जीव गेला असता. हयातभर त्याने याची वाच्यता केली नाही. मृत्यूनंतर, 2013 साली इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेने त्याचा गौरव केला. कॉप्पी मात्र चाळिशीतच गेला. आफ्रिकेतून येताना त्याला मलेरिया झाला, निदान चुकले आणि 2 जानेवारी 1960 रोजी तो वारला. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात तापाने फणफणलेल्या माणसाचे रक्त आधी तपासतात, ते का, हे वेगळे सांगायला नको.

फ्रान्समध्ये हीच जोडी जाक आंकतील आणि रेमों पुलिदोर यांची. 12 जुलै 1964 रोजी प्वी द दोम या डोंगराच्या चढावर दोघे खांद्याला खांदा घासत चढले. शेवटी पुलिदोर पुढे गेला, पण शर्यत आंकतीलने 55 सेकंदांनी जिंकली. आंकतील पाच वेळा विजेता झाला. पुलिदोरला एक दिवसही पिवळी जर्सी मिळाली नाही, तरी लोकांनी जीव लावला तो पुलिदोरवर. आंकतील उत्तेजकांबद्दल उघड बोलायचा. या लांबीच्या शर्यती नुसत्या पाण्यावर होतात असे समजू नका, असा त्याचा रोख होता.

या उघडपणाची किंमत मात्र इतरांनी मोजली. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये रणरणत्या उन्हात डेन्मार्कचा क्नुड येन्सन सायकलवरून कोसळला आणि त्याच दिवशी गेला. 1965 साली फ्रान्सने उत्तेजकविरोधी कायदा केला. 1966 च्या टूरमध्ये पहिल्यांदा तपासणी पथक आले, आणि पहिली तपासणी झाली ती नेमकी पुलिदोरची. दुसऱ्या दिवशी स्वारांनी सायकलवरून उतरून निषेध केला. आमच्यावर संशय घेता, हा त्यांचा राग. वर्षभरानेच, 13 जुलै 1967 रोजी, माँ वांतू या उघड्या बोडक्या डोंगरावर इंग्लंडचा टॉम सिम्प्सन पडला. उठवून बसवल्यावर थोडे पुढे जाऊन पुन्हा पडला तो उठलाच नाही. वय 29. त्याच्या खिशात अॅम्फेटामिनच्या गोळ्या सापडल्या. हे औषध ताकद वाढवत नाही. थकल्याची सूचना फक्त बंद करते. उन्हात अंग तापले, आता थांब, असे शरीर ओरडत असते आणि मेंदूला ते ऐकू येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात शेतात राबणाऱ्याला ही सूचना किती मोलाची असते, ते आपण जाणतो.

यानंतर लढाई रक्तात शिरली. आपले मूत्रपिंड इपीओ नावाचे एक संप्रेरक तयार करते. ते हाडांच्या मगजाला तांबड्या पेशी बनवायला सांगते. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना, डायलिसिसवर असलेल्यांना हे इंजेक्शन देतात, कारण त्यांचे रक्त कमी होत जाते. सिकलसेल आणि पंडुरोग घरोघरी ठाऊक असलेल्या आपल्या भागात रक्त कमी असणे म्हणजे काय, हे कुणाला समजावे लागत नाही. पण 1990 नंतर हेच औषध धडधाकट सायकलपटू घेऊ लागले. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो आणि माणूस चढावर दमत नाही. मात्र रक्त दाट होते, गुठळी होण्याचा धोका वाढतो. औषध पकडण्याची चाचणी तेव्हा नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने 1997 मध्ये मर्यादा घातली की रक्तात तांबड्या पेशींचा भाग 50 टक्क्यांहून जास्त भरला तर शर्यत खेळता येणार नाही. झाले असे की पुष्कळांनी ही मर्यादा म्हणजे परवानगीच मानली.

जुलै 1998 मध्ये फेस्तिना संघाची औषधांनी भरलेली मोटार फ्रान्सच्या सीमेवर पकडली गेली आणि सगळे उघडे पडले. त्याच वर्षी इटली आणि फ्रान्स दोन्ही टूर जिंकणारा मार्को पांतानी 1999 च्या जूनमध्ये त्या 50 च्या मर्यादेपुढे सापडला आणि आघाडीवर असताना बाहेर काढला गेला. तो पुन्हा सावरलाच नाही. 14 फेब्रुवारी 2004 रोजी एका हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. लान्स आर्मस्ट्राँगची कथा सर्वांना माहीत आहे. कर्करोगातून उठून त्याने 1999 ते 2005 अशा सलग सात शर्यती जिंकल्या आणि 2012 साली त्या सातही काढून घेतल्या गेल्या. पुढच्या वर्षी दूरदर्शनच्या मुलाखतीत त्याने कबुली दिली. त्या सात वर्षांचा विजेता म्हणून आज कुणाचेच नाव नाही. दुसऱ्या क्रमांकावरच्यांचे हातही स्वच्छ नव्हते. त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी यान उलरिच यानेही पुढे कबुली दिली.

या सगळ्या गर्दीत आमच्या मनात राहिला तो क्रिस्तोफ बासों. तो त्याच फेस्तिना संघात होता आणि त्याने औषध घ्यायला ठाम नकार दिला होता. 1999 मध्ये तो वर्तमानपत्रात या विषयावर लिहू लागला, तेव्हा बाकीचे स्वार त्याच्याशी बोलेनासे झाले. चालू शर्यतीत आर्मस्ट्राँगने त्याच्याजवळ येऊन तू घरी गेलेला बरा, असे सुनावले. थोड्याच दिवसांत बासोंने शर्यत सोडली. तो कुणाकडूनही शर्यतीत हरला नाही. त्याला वाळीत टाकले गेले. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांना युरोपकडून शिकण्याची गरज नाही.

आता आपल्याकडे वळू. सायकलवर जीव टाकणारी माणसे आपल्याकडेही झाली. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटर अंतर कापून 1928 च्या मार्चमध्ये परत आले. कार्तिकेयाची प्रदक्षिणा म्हणतात ती हीच. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, मग तो पुण्यात कितवाही पोहोचो. टूर द फ्रान्समध्येही डोंगरांच्या राजाला 1975 पासून लाल ठिपक्यांची जर्सी देतात. आमच्या मते आपले नाव जास्त छान आहे.

अलीकडची गोष्ट 'रेस अक्रॉस अमेरिका'ची. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. 2017 मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. डॉ. समर्थ पुढच्या वर्षी रशियातली 9,000 किलोमीटरहून लांब शर्यतही पूर्ण करून आले. नागपूर आपल्याला हैदराबादेपेक्षा जवळ, तेव्हा हा मान थोडा आपलाही समजायला हरकत नाही. चौकातल्या त्या सात दिवसांच्या सायकलवाल्याची आणि यांची लढाई एकच, झोपेशी. फरक एवढाच की यांच्या मागे मोटारीतून माणसे असतात, कधी झोपायचे ते ठरवतात, आणि ही चौघेही माणसे स्वतः डॉक्टर आहेत.

दुसरी बाजू दडवण्यात अर्थ नाही. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकआधी 74 किलो गटात कोण जाणार, यावरून नरसिंग यादव आणि सुशील कुमार यांची चुरस न्यायालयापर्यंत गेली. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग निवडला गेला आणि उत्तेजक चाचणीत अडकला. आपल्या अन्नपाण्यात कुणीतरी कालवले, असे त्याने सांगितले. देशातल्या समितीने ते मानले, पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मानले नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. नियम असा आहे की शरीरात काय सापडले याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिले, कळत नव्हते, असे म्हणून सुटका होत नाही. भारताने 2022 साली उत्तेजकविरोधी कायदा केला. तरी 2023 मध्ये मोठ्या संख्येने तपासण्या करणाऱ्या देशांत दोषी नमुन्यांचे प्रमाण भारताचेच सर्वांत जास्त होते, शंभरात पावणेचारच्या आसपास.

हे नमुने फक्त ऑलिम्पिकवाल्यांचे नसतात, आणि पुष्कळांपर्यंत तर तपासणी पोहोचतही नाही. पोलीस भरतीच्या धावण्याआधी मुलांनी इंजेक्शने घेतल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. नदीच्या दोन्ही तीरांवरची आपली मुले पहाटे रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. कुणाला इकडची भरती गाठायची असते, कुणाला सैन्यात जायचे असते. त्या काही सेकंदांवर घराचे कर्ज, बहिणीचे लग्न, सारे अडकलेले असते. जिमखान्यातल्या कुणी पुडी दिली, पावडर दिली, तर नाही म्हणणे सोपे नाही. म्हणून त्यांना नुसता उपदेश करण्याऐवजी आम्ही दोन गोष्टी सांगू. डब्यावर नाव नसलेले काही घेऊ नका, आणि भरतीची किंवा स्पर्धेची तयारी असेल तर डॉक्टरांना औषध लिहिण्याआधीच तसे सांगा. वडीलधाऱ्यांना एकच सांगणे. मुलगा मागे राहिला तर त्याला घरात बासोंसारखे एकटे पाडू नका.

आता सुरुवातीचा प्रश्न. गणरायाने कार्तिकेयाला फसवले का? आमचे उत्तर नाही असे आहे. त्याने जे केले ते परीक्षकांच्या डोळ्यांदेखत केले, का केले ते सांगितले आणि मग निकाल लागला. त्याच्या पिशवीत लपवण्याजोगे काही नव्हते. 1904 ची आगगाडी आणि 1998 ची मोटार यांच्यात आणि त्या प्रदक्षिणेत फरक आहे तो एवढाच.

यंदाही उत्सवात संथ सायकल स्पर्धा ठेवली आहे. पाय टेकला की बाद, आणि सर्वांत शेवटी पोहोचेल तो पहिला. लहानथोर सर्वांनी नाव द्यावे. पाणी मंडळाकडून मिळेल, बाटली एकमेकांना द्यायला मुभा आहे.

गणपती बाप्पा मोरया!